टक-टक म्हणजे होकार

लग्न होऊन अंधेरीच्या स्टाफ कॉलनीत आले, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटत होतं की माझा नवरा बहिरा आहे. माहेरच्यांनी पत्रिका पाहिली, पगार विचारला, चष्म्याचा नंबरसुद्धा आडून आडून काढून घेतला. कानांचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणायची, "येताना अर्धा किलो कांदे आणि कोथिंबीर आणा." हे दारात थांबून म्हणायचे, "अर्धा किलो कांदे, कोथिंबीर." मग माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी गप्प राहिले की जिना उतरायचे. उलट ह्यांनी मला काही सांगितलं आणि मी नुसतं "हो" म्हटलं, की ह्यांची मान हलायची नाही. "काय सांगितलं मी?" शाळेत मास्तरीण मी, आणि घरी धडा म्हणून दाखवायचा तो मीच.

मग उलगडा झाला. ह्यांची नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये. काचेच्या खोलीत बसून वैमानिकांना रेडिओवरून सांगायचं: थांबा, निघा, उतरा, अजून वरच राहा. तिथला नियम असा की वैमानिकाने ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. चुकलं तर ह्यांनी सुधारायचं. ह्यांनी काहीच म्हटलं नाही, म्हणजे बरोबर. दोघांपैकी कोणाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही, म्हणून ही सगळी खबरदारी.

नियम मला मनापासून पटला, हे कबूल करायला हवं. मी मरोळच्या शाळेत चौथीला शिकवायचे. "मुलांनो, समजलं का?" म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणायचा, आणि त्यातल्या एकालाही काडीचं समजलेलं नसायचं. तेव्हा नुसत्या होकाराची किंमत मला चांगली ठाऊक होती. माझी तक्रार एवढीच होती की विमानाला जे लागतं ते वरणाला कशाला? सासूबाई मालवणच्या, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. त्या चुलीपाशी बसल्यासारख्या गॅसपाशी बसून म्हणायच्या, "दिसभर इमानां उतरवता, आणि हयसर डाळ गॅसवरसून उतरव म्हटलंय तर म्हणता, परत सांग! ह्यां घर आसा रे बाबा, टॉवर न्हय."

आमच्या कॉलनीवरून विमानं इतक्या खालून जायची की बोलणं थांबवण्याखेरीज इलाज नसे. आमची सगळ्यांची सवयच झाली होती. एखादी बाई "माझ्या नणंदेचं लग्न" म्हणून तोंड उघडं ठेवून थांबायची, विमान जायचं, मग "मोडलं" म्हणायची. मुलुंडहून आलेली माझी मावशी एकदा त्या मधल्या वेळात "अभिनंदन!" म्हणून मोकळी झाली. अशा वातावरणात राहणाऱ्या माणसांना थांबून ऐकायची शिस्त लागते असं मला वाटायचं, आणि माझ्या नवऱ्याच्या तर ती हाडीमाशी आहे, याचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

तो अभिमान एका दुपारी उतरला. कर्मचाऱ्यांच्या बायकामुलांना टॉवर दाखवायचा एक दिवस ठेवला होता. आम्ही सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून त्या काचेच्या खोलीत मागच्या भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. हे माईकपुढे बसले होते. खरं सांगते, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. घरी पाठीत वाकून चालणारा माणूस तिथे ताठ बसला होता, आवाज संथ, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. समोरून एकेक वैमानिक सांगितलेलं परत म्हणत होता, आणि हे बाहेर धावपट्टीकडे बघत ऐकत होते. मला वाटलं, हा माणूस इथेच खरा राहतो, आमच्याकडे नुसता झोपायला येतो.

तेवढ्यात ह्यांनी कोणा कॅप्टनला काहीतरी सांगितलं. उत्तर आलं ते शब्दांत नाही. स्पीकरमधून नुसतं टक-टक. हे पुढच्या विमानाकडे वळले.

घरी आल्यावर मी विचारलं, "ते टक-टक काय होतं?"

"माईकचं बटण दोनदा दाबलं की तसं वाजतं. म्हणजे कळलं."

"आणि परत म्हणून दाखवायचं?"

"ते सिनियर कॅप्टन आहेत गं. एअरफोर्सपासूनचे. त्यांना काय म्हणायला लावायचं? सगळेच चालवून घेतात."

मी कपाळाला हात लावला. मला अर्ध्या किलो कांद्यांचा पाढा वाचायला लावणारा माणूस, आणि तिथे शेकडो जीव घेऊन चाललेल्या माणसाच्या दोन टकटकींवर समाधान! "म्हणजे नियम फक्त बायकोला," मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "बायल तेका खय सिनियर आसा?" त्या दिवसापासून मी घरात शब्द परत म्हणणं बंद केलं. ह्यांनी काही सांगितलं की टेबलावर बोटाने दोनदा टक-टक. ह्यांना राग यायचा, पण करतात काय. टक-टक म्हणजे कळलं, हे त्यांच्याच तोंडचं होतं.

माझी ही थट्टा वर्षभर तरी चालली असेल. मग ती घटना घडली आणि थट्टा माझ्याच घशात अडकली.

दुपारची वेळ होती, धुरकट हवा. तेच कॅप्टन विमान घेऊन उड्डाणाला निघाले होते आणि वाटेत त्यांना एक धावपट्टी ओलांडायची होती. तिच्यावर दुसरं विमान उतरायला येत होतं. ह्यांनी कॅप्टनना सांगितलं, धावपट्टीच्या अलीकडे थांबा. उत्तर आलं, टक-टक. हे निश्चिंत झाले. पण ती टक-टक कॅप्टनची नव्हतीच, हे मागाहून कळलं. कॅप्टन त्या क्षणी दुसऱ्या रेडिओवर आपल्या कंपनीच्या ऑफिसशी बोलत होते, त्यांनी ह्यांचा शब्दही ऐकला नव्हता. लांब कुठेतरी उभ्या असलेल्या तिसऱ्याच कोणीतरी आपल्याला आधी सांगितलेल्या गोष्टीला उशिरा टक-टक केलं असणार. माणूस बोलला तर आवाजावरून ओळखता येतो. बटण सगळ्यांचं सारखंच वाजतं. कॅप्टनचं विमान थांबलं नाही, सरळ धावपट्टीवर शिरलं. ह्यांनी काचेतून ते पाहिलं आणि उतरणाऱ्या विमानाला ओरडून वर जायला सांगितलं. ते गेलं. कोणाला खरचटलंही नाही. प्रवाशांना वाटलं असेल, मुंबई एकदा जास्त दाखवली.

हे घरी आले ते बूट घालूनच पलंगावर बसले. दुसऱ्या दिवशी ह्यांना माईकवरून उठवून खालच्या मजल्यावर एका टेबलापाशी बसवलं. चौकशी होणार होती. तिच्यात दोष ह्यांच्यावर आला तर माईक कायमचा जाणार, आणि उरलेली नोकरी खालच्या गोदामात वायरींची भेंडोळी सांभाळण्यात. पगार तोच राहिला असता. शेजारच्या बायका मला हेच सांगून धीर द्यायच्या, "पगार तर तोच राहील ना?" मी त्या काचेच्या खोलीत ह्यांना ताठ बसलेलं पाहिलं होतं. मला त्या बायकांचा इतका राग यायचा की मी पाण्याच्या वेळेला नळावर जाणं सोडून दिलं.

ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचा. जिन्यात गाठून मला म्हणाला, "वहिनी, टेन्शन घेऊ नका. आम्ही सगळे त्याच्या पाठीशी आहोत यार." होते खरे पाठीशी. इतके पाठीशी की मान वळवून पाहिलं तरी दिसत नव्हते.

आणि एका रविवारी सकाळी दारात कॅप्टन उभे. गंमत म्हणजे ते आणि हे रोज बोलत असूनही एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते. ह्यांनी त्यांना ओळखलं ते "आत येऊ का?" म्हटल्यावर. रेडिओवरच्या त्यांच्या घनगंभीर आवाजाचं ह्यांच्याकडून ऐकून मी सहा फुटी पुरुष डोळ्यांपुढे धरला होता. आला तो माझ्या खांद्याला लागेल एवढा गृहस्थ, बुशशर्टातला, हातात मिठाईचा बॉक्स. सासूबाईंनी सोलकढी पुढे केली. दोघे समोरासमोर बसले आणि बोलू लागले ते थेट रेडिओवर बोलल्यासारखे. एकाचं वाक्य संपायचं, मग शांतता, मग दुसऱ्याचं. माझ्या घरात इतकं शिस्तीचं संभाषण कधी झालं नव्हतं.

"हे बघ," कॅप्टन म्हणाले, "उगाच गुंता वाढवू नकोस. तू एवढंच लिही की टॉवरच्या माईकचं बटण किंचित अडकलं असावं, त्यामुळे सूचना तुटक गेली असावी. म्हणजे दोष यंत्राचा. तू सुटलास, मी सुटलो."

"पण सर, सूचना पूर्ण गेली. टेपवर आहे."

"असावी म्हण रे. आहे कशाला म्हणतोस? आणि वरती माझं वजन आहे. मी बघतो काय ते."

हे म्हणाले, "हं."

हे "हं" ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी पदर खोचून स्वयंपाकघरातून बाहेर आले. "सर, ह्यांनी काय लिहायचं ते कळलं. तुम्ही काय लिहिणार?"

"मी? मी बघतो ना, वहिनी."

"नाही, म्हणजे तुम्ही नेहमी टक-टक करूनच उत्तर देता, हे लिहिणार का?"

ते हसले. चांगलं गोड हसले. "अहो वहिनी, ते असं कागदावर थोडंच येतं?"

"मग वरती काय बघणार, ते तरी एकदा म्हणून दाखवा. ह्यांना तशी सवय आहे."

नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान गेलं. आम्ही चौघं गप्प. ग्लासातली सोलकढी थरथरत होती. आवाज ओसरला. कॅप्टननी घड्याळ पाहिलं, "पुन्हा येईन" म्हणाले आणि उठले. सासूबाईंनी मिठाईचा बॉक्स त्यांच्या हातात परत दिला. "आमच्यात साकर चालना नाय," त्या म्हणाल्या. चालत होती. दणकून चालत होती.

कॅप्टन गेल्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता भडका उडणार. "तू माझी वाट लावलीस," एवढंच म्हणाले. पण त्यांचा आवाज वेगळा होता. मी म्हटलं, "लागलीच आहे वाट. निदान सरळ तरी लागू दे."

चौकशीला दिल्लीहून साहेब मंडळी आली. तिथे काय झालं ते मला ह्यांच्याकडून आणि उरलेलं कॉलनीभर पसरलेल्या बातम्यांवरून कळलं. टेप लावली. टक-टक वाजली. साहेबांनी ती परत लावली, पुन्हा परत लावली. एकजण डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होता म्हणे, मैफलीला बसल्यासारखा. ती टक-टक अनुभवी अंगठ्याची की नवख्या, यावर चहाचे दोन राउंड झाले. जुन्या टेपा लावून बघाव्यात तर त्या नियमाप्रमाणे पुसून पुन्हा वापरलेल्या. कॅप्टनच्या आजवरच्या सगळ्या टकटकी त्या टेपांबरोबर गेल्या. कॅप्टननी सांगितलं की मी प्रत्येक सूचना शब्दशः परत म्हणतो, कायम. मग टॉवरच्या प्रत्येकाला एकेक करून बोलावलं आणि विचारलं, तुम्ही अशी टक-टक कधी चालवून घेतली आहे का? प्रत्येकाने कानावर हात ठेवले. कधीच नाही, साहेब. आमच्या वरच्या मजल्यावरच्याने तर टक-टक म्हणजे काय, असंही विचारलं म्हणतात.

शेवटी ह्यांची पाळी आली. यंत्रावर ढकलायची वाट मोकळी होती. हे म्हणाले, "सूचना पूर्ण गेली होती. टक-टक कोणाची हे मला माहीत नाही. मला ती कॅप्टनची वाटली, कारण ते नेहमी तसंच उत्तर देतात आणि मी ते नेहमी चालवून घेतो."

"तुम्हाला नियम ठाऊक होता?"

"हो."

"मग परत म्हणायला का लावलं नाहीत?"

"लाज वाटली, साहेब," हे म्हणाले. "ते मोठे आहेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग टायपिस्टला म्हणाले, हे घेऊ नका. लिहा, कार्यपद्धतीतील त्रुटी.

मला हे जेव्हा घरी येऊन सांगितलं, तेव्हा मी बटाटे सोलत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला ह्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अर्थात पडले नाही, उगाच चढून बसतील. पण डोळे भरून आले हे खरं, आणि बटाट्यांवर ढकलावं तर ते कांदे नव्हते.

निकाल आला तो सरकारी निकालांसारखाच, कोणाचंच पोट भरू नये असा. ह्यांना पुन्हा शिकाऊंच्या वर्गात बसायचं, मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर परीक्षा द्यायची आणि पास झाले तरच माईक. कॅप्टनना तोंडी समज. आणि टॉवरमध्ये एक परिपत्रक की कोणीही टक-टक स्वीकारू नये. ते वाचल्याची सही करायला सगळे धावले. जी गोष्ट कोणी कधीच केली नव्हती ती बंद करायला इतकी घाई का, हे काही मला कळलं नाही.

हे परीक्षेला बसले. मी चौथीचे पेपर तपासायची, शेजारी हे घोकत बसायचे. सासूबाई दोघांना चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "दोगांयक येकाच वर्गात घाला." पास झाले. माईकवर परत जायच्या दिवशी सकाळी ह्यांनी दोनदा दाढी केली.

त्या दुपारी मी गच्चीवर वाळवण बघायला गेले होते. आमच्या गच्चीच्या कोपऱ्यातून दोन इमारतींच्या फटीत विमानतळाचा एक तुकडा दिसायचा. पाहते तर धावपट्टीच्या अलीकडे एक विमान थांबलेलं. मोठं, ऐटदार. त्याच्या मागे दुसरं, मग तिसरं, अशी रेशनच्या दुकानासारखी रांग लागलेली. धावपट्टी मोकळी होती, उतरायचं ते केव्हाच उतरून गेलं होतं, आणि तरी पहिलं विमान हलत नव्हतं. शेजारीण म्हणाली, "काय गं, बंद पडलं वाटतं?" पहिलाच दिवस, आणि पुन्हा काहीतरी झालं. मी पापड तसेच टाकून कठडा धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने विमान हललं, धावपट्टी ओलांडून गेलं. मागची रांग सरकली.

संध्याकाळी हे आले. मी दारातच विचारलं, "ते विमान का थांबलं होतं?"

हे खुर्चीत बसले. कॅप्टन होते म्हणाले. ह्यांनी त्यांना सांगितलं, उतरणारं विमान पुढे गेलं की ओलांडा आणि पलीकडे थांबा. टक-टक आली. हे म्हणाले, परत म्हणून दाखवा. पुन्हा टक-टक. मग हे म्हणाले, मला बटण ऐकू येतंय, माणूस ऐकू येत नाही. माणूस बोलेपर्यंत जागेवरून हलू नका. खोलीतले सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. सुपरवायझरना एकाएकी एक फाईल वाचायची आठवण झाली. मागच्या विमानांतले वैमानिक एकेक करून विचारू लागले, काय झालं, किती वेळ? हे प्रत्येकाला एकच सांगत होते: पुढच्याचं उत्तर यायचं आहे. सगळे एकाच रेडिओवर ऐकत होते, त्यामुळे पुढचा कोण हे सांगायची गरज नव्हती.

"मग?" मी म्हटलं.

"मग म्हणाले. सगळं म्हणाले. पहिलीतल्या पोरासारखं, एकेक शब्द तोडून, मला चिडवायला."

"आणि तुम्ही?"

"मी काय, ऐकलं. बरोबर होतं."

मी हळूच विचारलं, "घाबरला नाहीत?"

"घाबरलो ना," हे म्हणाले. "पाय लटपटत होते टेबलाखाली. बरं असतं, रेडिओवर पाय दिसत नाहीत." आणि चष्मा काढून पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं त्यांना वाटायचं मी नुसता बोलतो. मी ऐकायलाही बसलोय तिथे, हे त्यांना आज कळलं."